तेलाची पिशवी लवकर का संपते?

प्रश्न : घरात आम्ही चौघं. महिन्याला सोयाबीन तेलाच्या चार पिशव्या पुरायच्या. आता २५ तारखेलाच डबा रिकामा. माझा हात सैल झालाय का? – एक गृहिणी, सांगली

उत्तर : ताई, तुमचा हात तसाच आहे, पिशवी हलकी झालीय. तीस वर्षं किराणा दुकानात तेल विकलं, म्हणून खात्रीनं सांगतो. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं. डिसेंबर २०२२ पासून ठरावीक मापांच्याच पिशव्या विकायचं बंधन उठलं आणि ८५०, ८००, ७५० ग्रॅमच्या पिशव्या फळीवर आल्या. दिसायला तेवढ्याच! तुमची ७५०ची असेल, तर चार पिशव्यांत ६४० ग्रॅम तेल कमी. म्हणजे साधारण पाच दिवसांची फोडणी.

पिशवी उलटी करा. शिवणीजवळ बारीक अक्षरात निव्वळ वजन असतं आणि दर ग्रॅमची किंमतही छापावी लागते. दोन कंपन्यांची तुलना त्याच आकड्यावर करा, पिशवीच्या किमतीवर नको. घाण्याचं शेंगदाणा तेल घेतलंत तरी मागताना किलो की लिटर, हे आधी विचारा. मी गिऱ्हाइकांना हे त्यांनी न विचारताच सांगायचो.