नव्या प्लेअरच्या अफवा : आधी डबीत किती मावतं ते मोजा

भाऊ, तुम्ही विचारलंय त्या खिशात मावणाऱ्या गाण्यांच्या प्लेअरबद्दल फिरणारी यादी अशी: ७५ × ५५ × १४ मिमी माप, अँड्रॉइड, ३.५ (नेहमीचा) आणि ४.४ मिमी (डाव्या-उजव्या कानाला वेगळा ॲम्प्लिफायर देणारा) असे हेडफोनचे दोन्ही जॅक, १ वॅट ताकद, २० तास चालणारी आणि बदलता येणारी बॅटरी, आयपी६७, २ टीबीपर्यंत कार्ड, एलडॅक (ब्लूटूथवरून गाणं पाठवायची एक पद्धत), 'ब्लूटूथ ६', एमक्यूए (गाण्याच्या फाइलचं एक स्वरूप). तुमचा वापर म्हणजे अमळनेर-जळगाव रोजची गाडी, आणि आप्पांना मळ्यात ऐकायला कीर्तनं. बजेट पंधरा हजारांच्या आत. थांबावं की आत्ताच हातात मिळतं ते घ्यावं?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर जवळपास सगळ्या शक्य आहेत. एकाच डबीत सगळ्या शक्य नाहीत. आणि हे ठरवायला कंपनीच्या आतली खबर लागत नाही, मोजपट्टी पुरते.

बाहेरचं माप ७५ × ५५ × १४. चहूबाजूंनी १ मिमीचं ॲल्युमिनियम धरा, आत उरले ७३ × ५३ × १२. स्क्रीन आणि तिची काच अडीच मिमी खाते. खाली साडेनऊ. दोन्ही बाजूंनी पार्ट बसवलेला बोर्ड त्याच्या पत्र्याच्या झाकणासकट साडेतीन मिमी धरा. सेलसाठी ६ मिमी उरले, त्यात फुगायला थोडी जागा सोडावीच लागते, म्हणजे ५ मिमीचा सेल. लांबी-रुंदीतही पूर्ण जागा मिळत नाही, कारण ४.४ चा जॅक चांगला जाडजूड असतो आणि त्याच्या खाली सेल सरकवता येत नाही. जॅक आणि कार्डाची खाच मिळून एका टोकाची साधारण २० मिमी पट्टी जाते. राहिला ५ × ५० × ५० चा चौकोन.

सेलवर छापलेला सहा आकडी नंबर हेच सांगतो: ५०५०५० म्हणजे ५.० मिमी जाड, ५० रुंद, ५० लांब. एवढ्या पाऊच सेलमध्ये (पातळ पिशवीतल्या चपट्या बॅटरीत) १६०० एमएएचच्या आसपास मावतं. ३.७ व्होल्टने गुणा, ५.९ वॅट-तास. व्होल्टेज वरखाली करताना दहा-बारा टक्के जातात, हाती ५.२. आता २० तासांनी भागा: सरासरी पाव वॅट.

खरी गंमत इथे आहे. अँड्रॉइडवाले प्लेअर स्क्रीन बंद ठेवूनसुद्धा साधारण सव्वा ते दीड वॅट खातात, त्यांच्या जाहिरातीतलीच बॅटरी आणि तास एकमेकांनी भागून पाहा. म्हणजे या डबीत अँड्रॉइड घातलं तर साडेतीन ते चार तास. जळगावला जाऊन येईपर्यंत पुरेल, पण संध्याकाळी मळ्यात नाही. उलट अँड्रॉइडऐवजी कंपनीची साधी स्वतःची प्रणाली, छोटा प्रोसेसर आणि कमी वीज खाणारी डॅक चिप, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करणारी चिप (सिरस लॉजिकच्या सीएस४३१३१ सारखी, जिच्यात हेडफोनचा ॲम्प्लिफायर आतच असतो) घेतली तर पाव वॅटात काम भागतं आणि २० तास खरे ठरू शकतात. तेही कंपनीच्या पद्धतीने मोजलेले: साधा एमपी३ किंवा १६ बिटचं गाणं, स्क्रीन बंद, आवाज बेताचा, ३.५ चा जॅक. ४.४ वर ॲम्प्लिफायरची दुसरी जोडी जागी होते आणि तास कमी होतात.

तेव्हा 'अँड्रॉइड' आणि '२० तास' यातलं एक खोडा. माझा अंदाज, अँड्रॉइड जाईल. पंधरा हजारांच्या आतला छोटा प्लेअर असेल तर जवळपास नक्की. वाय-फाय असलंच तर ते फर्मवेअर अपडेट आणि घरातल्या कॉम्प्युटरवरची गाणी ओढण्यापुरतं. ॲप टाकून स्ट्रीमिंग करायचं मनात असेल तर या प्लेअरची वाट पाहूच नका.

१ वॅटचं गाजर. ३२ ओहमवर १ वॅट द्यायला ५.६६ व्होल्ट लागतात. एका लिथियम सेलचा जीव ३.७ चा, म्हणजे व्होल्टेज वाढवणारं बूस्ट सर्किट आलं, त्याची कॉइल आली, उष्णता आली. दोन्ही कानांना खरोखर १-१ वॅट दिलं तर सेलमधून तीन वॅटपेक्षा जास्त ओढ लागेल आणि दीड तासात खेळ खल्लास. आणि हवं कुणाला? १०५ डेसिबल प्रति मिलिवॅटचा साधा १६ ओहमचा इअरफोन १ मिलिवॅटात, म्हणजे ०.१३ व्होल्टवर, १०५ डेसिबल देतो. तोच कानात फार झाला. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब ८० डेसिबलला आठवड्याला ४० तासांचा आहे. जास्त ताकदीचा ॲम्प्लिफायर अशा नाजूक इअरफोनला लावला की गाण्यांमधल्या शांत जागी बारीक 'स्सस' ऐकू येतं. ताकद लागते ती ३०० ओहमच्या मोठ्या हेडफोनना, आणि तिथेही वॅटपेक्षा व्होल्ट बघायचे: अडीच व्होल्ट मिळाले तर बहुतेकांचं भागतं. मला वाटतं ४.४ वर २०० ते २५० मिलिवॅट येईल. बातमी देणाऱ्याने दोन्ही कानांच्या चॅनेलची बेरीज करून वर गोल आकडा केला असावा.

बदलता येणारी बॅटरी मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. युरोपियन युनियनच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकायच्या वस्तूंमधली छोटी बॅटरी वापरणाऱ्याला साध्या अवजारांनी काढता आली पाहिजे. युरोपात माल विकणारी कंपनी आत्ताच तसा साचा करून ठेवेल, हे पटण्यासारखं आहे. पण त्याची किंमत जागेत मोजावी लागते. सेलला कडक कवच आणि झाकणाला कडा आली की ५ मिमीचा सेल ४ मिमीवर येतो, १६०० चे १३०० होतात. मग २० तासांसाठी सरासरी ०.२१ वॅट. साध्या प्रणालीलाही ओढाताण. पंधरा-सोळा तास लिहून आले तर ती बातमी मी जास्त खरी मानेन.

आयपी६७ वर विश्वास नाही. ६ म्हणजे धूळ पूर्ण बंद, ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. उघडझाप होणारं बॅटरीचं झाकण, दोन जॅक, टाइप-सी आणि कार्डाची उघडी खाच, एवढी भोकं या किमतीत रबर लावून कोणी बंद करत नाही. खाचेला सिमकार्डासारखा ट्रे आणि त्याभोवती रबराची कडी दिसली तरच विचार करा. आपल्याकडे पाण्यापेक्षा काळ्या मातीची धूळ आणि कपाशीचा भुसका जास्त नडतो. आवाजाच्या चाकात गेला की आवाज उड्या मारायला लागतो. ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा थेंब टाकून, प्लेअर बंद ठेवून चाक पंधरा-वीस वेळा फिरवलं की बहुतेक वेळा सुटतं. बटणांचा प्लेअर मळ्यासाठी केव्हाही बरा.

आता ज्या दोन ओळींवरून ही यादी जुन्या-नव्याची खिचडी वाटते त्या. एमक्यूए: हे स्वरूप काढणारी कंपनी एप्रिल २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या कारभारात गेली, आणि ते वापरणाऱ्या टायडल या स्ट्रीमिंग सेवेने जुलै २०२४ मध्ये ते काढून फ्लॅक (दर्जा न गमावता फाइल लहान करणारं स्वरूप) घेतलं. नव्या प्लेअरच्या खबरीत ते ठळकपणे येतंय म्हणजे कुणीतरी जुन्या मॉडेलचं पान उचललंय. 'ब्लूटूथ ६': सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या या आवृत्तीचं मुख्य काम दोन उपकरणांमधलं अंतर अचूक मोजणं. आवाजाचा दर्जा आवृत्तीच्या आकड्यावर नाही, कोडेकवर, म्हणजे गाणं दाबून पाठवायच्या पद्धतीवर ठरतो. एसबीसी साधारण ३२८ केबीपीएस, एलडॅक ३३०, ६६० किंवा ९९०; सीडीचा मूळ प्रवाह १४११. एलडॅक येण्याची शक्यता मी भरपूर धरतो. तुमच्या नेकबँडमध्येही एलडॅक असेल तरच उपयोग, नाहीतर दोघं मिळून एसबीसी किंवा एएसी या साध्या कोडेकवर उतरतील. रेल्वेच्या गच्च भरलेल्या डब्यात ९९० वर धरून ठेवू नका, अटकत वाजेल, ६६० ठेवा.

२ टीबी हा प्लेअरचा गुण नव्हेच. एसडीएक्ससी या कार्डाच्या प्रकाराची कागदावरची मर्यादा २ टीबी आहे, ती जो तो छापतो. विचारायचं ते वेगळं: किती हजार गाणी त्याची यादी पेलते, आणि कार्ड बदलल्यावर ती पुन्हा तयार करायला किती मिनिटं लागतात. तुम्हाला २५६ जीबी खूप. सीडी दर्जाचं फ्लॅक मिनिटाला ६ एमबीच्या आसपास जातं, म्हणजे ७०० तास. कीर्तनं एका माइकवर रेकॉर्ड केलेली असतील तर ६४ केबीपीएस मोनो पुरे; दोन तासांचं कीर्तन ५८ एमबी. त्यालाच ३२० केबीपीएस केलं तर २८८ एमबी आणि फायदा काहीच नाही.

या सगळ्या गदारोळात एक गोष्ट कुणी विचारत नाही, आणि आपल्याला तीच सगळ्यात जास्त नडते: पडद्यावर मराठी नीट दिसेल का? अँड्रॉइड असेल तर प्रश्न नाही. साध्या प्रणालीच्या प्लेअरमध्ये देवनागरीची अक्षरं असली तरी ती जोडायची व्यवस्था बहुतेकदा नसते. मग 'हरिपाठ' मधली वेलांटी 'र'च्या आधी न बसता नंतर बसते, 'ज्ञानेश्वरी' हलंत पायमोडकी दिसते. यादीत 'हिंदी भाषा' लिहिलेलं असलं तरी ते मेनूपुरतं असू शकतं. गाण्याच्या नावाऐवजी नुसती प्रश्नचिन्हं आली तर दोष टॅगचा, म्हणजे फाइलमध्ये लिहिलेल्या नाव-गायकाच्या नोंदीचा: आयडी३ या टॅग-पद्धतीच्या जुन्या, पहिल्या आवृत्तीत देवनागरी बसतच नाही. एमपी३टॅग या फुकट प्रोग्रॅममध्ये ऑप्शन्स, टॅग्ज, एमपेग इथे जाऊन 'आयडी३ व्ही२.३ यूटीएफ-१६' निवडा आणि सगळ्या फाइली निवडून पुन्हा सेव्ह करा. एवढं करूनही अक्षरं मोडकी आली तर प्लेअरच दुबळा, फोल्डरना इंग्रजी लिपीत नावं देण्यावाचून इलाज नाही. आप्पांसाठी आणखी एक: लांब फाइल मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू होते का. हे नसेल तर दोन तासांच्या कीर्तनात रोज पहिल्यापासून शोधत बसावं लागतं.

उन्हाळ्याचं सांगतो. लिथियम सेल चार्ज करायची वरची मर्यादा साधारण ४५ अंश. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे सावलीतच पारा तिथे टेकतो. चांगल्या प्लेअरमधलं तापमानाचं सेन्सर दुपारी चार्जिंग थांबवतं आणि लोकांना वाटतं बिघडला. स्वस्तातला थांबवत नाही, आणि दोन उन्हाळ्यांत सेल फुगून स्क्रीन उचलतो. चार्जिंग पहाटे करा, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. टाइप-सी बाबत एक खोड: दोन्ही टोकांना सी असलेल्या वायरीने चार्ज होत नसेल आणि जुन्या ए-टू-सी वायरीने होत असेल, तर कंपनीने ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर वाचवलेत. वायर बदलून वापरा, प्लेअर ठीक आहे.

यापुढे नवी खबर आली तर ती कुठून आली ते बघा. अमेरिकेच्या एफसीसी या रेडिओ उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेकडच्या नोंदीत वाय-फायचे पट्टे आणि ब्लूटूथ खरे सापडतात. फोटो बऱ्याचदा १८० दिवसांपर्यंत झाकून ठेवतात, पण लेबल कुठे लागणार त्या चित्रावरून आकार कळतो. आपल्याकडे लिथियम सेलला बीआयएस या सरकारी मानक संस्थेची आयएस १६०४६ खालची नोंदणी लागते. कव्हर विकणाऱ्यांच्या चित्रातली भोकं मोजली की जॅक किती ते समजतं. या तिन्हींत न सापडणारी वॅट आणि तासांची भाषा म्हणजे बाजारगप्पा. डॅक चिपचं नाव तर शेवटपर्यंत पक्कं धरू नका. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानच्या नोबेओकातला एकेएम या डॅक चिप बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना जळाला, तेव्हा बऱ्याच कंपन्यांना चालू मॉडेलची चिप बदलावी लागली होती.

थांबायचं की नाही? आजचा प्लेअर चालत असेल तर थांबा. साधी प्रणाली, दोन जॅक, एलडॅक आणि पंधरा तास एवढं आलं तरी तुमच्या कामाला ते उत्तम आहे. बंद पडला असेल तर ३.५ जॅकचा, बटणांचा, आहे तो साधा घ्या. बाहेरून मागवायचा असेल तर कस्टम ड्युटी धरून बजेट ओलांडू शकतं आणि वॉरंटीसाठी पार्सल परत पाठवायचं तर बॅटरीमुळे कुरियरवाला नकार देऊ शकतो, ते लक्षात घ्या.

तोवर मेमरी कार्ड घेऊन ठेवा, ते कुठल्याही प्लेअरला चालेल. आल्या आल्या विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ हा कार्ड तपासायचा प्रोग्रॅम चालवून ते पूर्ण भरून तपासा. २५६ चं कार्ड सेकंदाला २० एमबीने भरायला साडेतीन तास लागतात, वाचायला वेगळे. खोटं कार्ड सुरुवातीची गाणी नीट वाजवतं आणि भरत गेलं की जुन्यावरच लिहायला लागतं, म्हणून चार फाइली टाकून बघण्यात अर्थ नाही. आणि तुमच्या इअरफोनच्या खोक्यावर ओहम आणि डेसिबलचे आकडे असतील, ते इथे टाका. किती व्होल्टचा प्लेअर लागेल ते काढून देतो.