वाचकांचे प्रश्न : प्रभुभोजन घेतल्याने घरावर शिक्षा येते का?

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, प्रभू येशूच्या नावात सलाम. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावात राहते. आमची मंडळी थोड्याच घरांची आहे आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून भाकर व द्राक्षरस घेण्याचा, विधी होतो. माझे यजमान आणि माझे भासरे यांच्यात वावराच्या धुऱ्यावरून वाद चालू आहे, त्यामुळे एकाच मंडळीत येत असूनही माझी जाऊ आणि मी एकमेकींशी बोलत नाही. गेल्या वर्षी मनात तिच्याविषयी राग असतानाच मी भाकर आणि द्राक्षरस घेतला. त्याच आठवड्यात कपाशीवर फवारणी करताना यजमानांना विषबाधा झाली आणि त्यांना रुग्णालयात ठेवावे लागले. देवाच्या कृपेने ते बरे होऊन घरी आले. पुढे तालुक्याच्या गावी झालेल्या उज्जीवन सभेत एका वक्त्याने बायबलमधील प्रेषित पौलाचे वचन वाचून सांगितले, की जो अयोग्य प्रकारे प्रभुभोजन घेतो त्याच्या घरात रोग आणि मरण येते. तेव्हापासून ताट माझ्यापर्यंत आले की मी ते तसेच पुढे देते. सासूबाई म्हणतात, आता घेशील तर या वेळी लेकराला भोवेल. पाळीच्या दिवसांत तर घेऊच नये, असेही त्या सांगतात. मी काय करावे?
— एक वाचक भगिनी

उत्तर : प्रिय भगिनी, आपल्या पत्राचे उत्तर मी आपल्या यजमानांच्या आजारापासून सुरू करतो, कारण आपली सारी भीती त्याच ठिकाणी रुतून बसली आहे. कपाशी छातीच्या वर वाढलेली असताना, तोंडाला नुसते फडके बांधून, वारा अंगावर येत असताना पंप पाठीवर घेऊन जो माणूस दोन-दोन औषधे एकत्र करून फवारतो, त्याच्या अंगात ते विष त्वचेतून आणि श्वासातून जाते. २०१७ च्या हंगामात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात अशा विषबाधेने अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले व शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्यांच्यापैकी किती जणांनी प्रभुभोजनाचा प्याला कधी हाती घेतला असेल? ज्या कारणाने ते आजारी पडले, त्याच कारणाने आपले यजमानही आजारी पडले. त्या कारणावर उपाय आहे : हातमोजे, तोंडावर योग्य मास्क, अंगभर कपडे, वाऱ्याची दिशा पाहून फवारणी आणि नंतर साबणाने अंघोळ. हे लिहिताना मी विषय सोडून जात आहे असे समजू नका. खरे कारण नजरेआड करून ते देवाच्या माथी मारले, तर पुढच्या हंगामात तोच माणूस पुन्हा उघड्या हातांनी औषध कालवतो, आणि ही गोष्ट मला त्या वक्त्याच्या भाषणापेक्षा अधिक भयंकर वाटते.

आता वचनाकडे येऊ. करिंथ येथील मंडळीला पौलाने लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात हे वचन आहे, आणि वक्त्याने त्यातील सत्ताविसावे, एकोणतिसावे व तिसावे ही वचने वाचली असणार. विसाव्या वचनापासून सलग वाचले असते तर श्रोत्यांना कळले असते की पौल नेमका कशावर रागावला आहे. त्या काळी प्रभुभोजन हे खऱ्याखुऱ्या जेवणाबरोबर होत असे. करिंथमधील खातेपिते लोक आपापले जेवण आधीच उरकून घेत, काही जण पिऊन मस्त होत, आणि ज्यांच्याजवळ काही नाही असे लोक उपाशी राहत व सर्वांसमोर लाजिरवाणे होत. तुम्ही देवाच्या मंडळीला तुच्छ मानता काय, असा त्याचा थेट प्रश्न आहे. अयोग्य प्रकारे खाणे म्हणजे काय, याचे उत्तर त्या प्रसंगातच उघडे पडलेले आहे, ते बाहेरून आणण्याची गरज नाही. प्रकरणाच्या शेवटी तो जो उपाय सांगतो तोही त्याच प्रसंगाला धरून आहे : जेवायला एकत्र जमता तेव्हा एकमेकांसाठी थांबा. मन पूर्ण निर्मळ होईपर्यंत प्रभुभोजनाच्या मेजाकडे फिरकू नका, असे तो कोठेही म्हणत नाही. माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावे, असे तो म्हणतो, म्हणजे आत्मपरीक्षेचा शेवट त्याने खाण्यात केला आहे. आपण परीक्षा केली आणि ताट पुढे दिले. वचनाचा निम्मा भाग पाळला गेला व निम्मा राहून गेला.

तिसावे वचन मात्र मी गाळणार नाही, कारण ते गाळले तर आपल्या मनातील शंका तशीच राहील. तुमच्यातील पुष्कळ जण दुर्बळ व रोगी आहेत आणि कित्येक मरण पावले आहेत, असे पौल खरोखरच लिहितो, आणि त्याचा संबंध त्या मंडळीच्या वागण्याशी जोडतो. त्याला हलके करून सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली अशी, की तो एका विशिष्ट मंडळीच्या एका उघड, सामुदायिक आणि चालू राहिलेल्या अन्यायाविषयी प्रेषित या नात्याने बोलत आहे. जो कोणी आजारी पडेल त्याने अयोग्य प्रकारे खाल्ले असले पाहिजे, असा उलटा नियम त्याने घातलेला नाही, आणि तसा नियम कोणी घालू लागला तर प्रभूने स्वतः तो मोडलेला आहे. जन्मांध मनुष्याला पाहून शिष्यांनी विचारले की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे, तेव्हा दोघांचेही नाही असे उत्तर प्रभूने दिले. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, ते यरुशलेमेतील इतरांपेक्षा अधिक अपराधी होते असे समजू नका, असेही त्याने सांगितले. दुसरी गोष्ट, बत्तिसाव्या वचनात पौल म्हणतो की असा न्याय होतो तेव्हा प्रभू आपल्याला शिस्त लावत असतो, म्हणजे जगाबरोबर आपण दोषी ठरू नये. सासूबाईंच्या बोलण्यात देव सूड उगवणारा आहे आणि तो सूड आईचा अपराध लेकरावर काढणारा आहे. गावात देवी कोपली, हवा लागली, असे जे बोलले जाते, त्याच साच्यात आपण येशूच्या पित्याला बसवू लागलो आहोत, आणि विदर्भातील आपल्या मंडळ्यांमध्ये हे जितके सहज घडते तितके आपण ते कबूल करत नाही.

ही भीती आपल्याच गावची आहे असेही नाही. इंग्लंडच्या मंडळीच्या १६६२ सालच्या प्रार्थनापुस्तकात प्रभुभोजनापूर्वी वाचण्याचा एक बोध आहे. अयोग्य प्रकारे घेतल्यास देव नाना रोगांनी आणि नाना प्रकारच्या मरणाने पीडा देईल, असे त्यात स्पष्ट शब्दांत म्हटले होते. त्याच पुस्तकात, लोक प्रभुभोजनाला येण्याची टाळाटाळ करू लागले तर वाचण्यासाठी दुसरा बोधही छापलेला होता, आणि दोन्ही शेजारी वाचले की पहिल्याचा परिणाम काय होत असावा याचा अंदाज येतो. ज्या स्कॉटिश मंडळीने १८४५ मध्ये मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना नागपुरास पाठवले, तिच्या मायदेशी मंडळीचे वडीलजन प्रभुभोजनाआधी सभासदांची विचारपूस करत आणि योग्य वाटेल त्याला धातूचा एक बिल्ला देत. तो बिल्ला असेल तरच मेजावर बसता येई. याउलट मेथडिस्ट चळवळीचे जनक जॉन वेस्ली यांनी १७८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवचनात आपल्याच शंकेला उत्तर दिले आहे. पौलाच्या त्या वचनात खाणारा अयोग्य असण्याविषयी एक शब्दही नाही, त्याचा रोख खाण्याच्या रीतीवर आहे, असे ते दाखवतात, आणि भ्यायचेच असेल तर प्रभूने सांगूनही न खाण्याला भ्या, असे बजावतात. धर्मसुधारक जॉन कॅल्व्हिन यांनी त्याआधी दोनशे वर्षांहून अधिक काळ हेच वेगळ्या तऱ्हेने सांगितले होते. हे भोजन आजाऱ्यांसाठी औषध आहे, आणि जो स्वतःला पूर्ण बरा समजतो त्याला त्याचा काय उपयोग, असा त्यांचा सवाल होता. पहिल्या मेजावर, म्हणजे माडीवरील त्या शेवटच्या भोजनाला, कोण बसले होते हेही विसरू नये. लूकच्या शुभवर्तमानात भाकर व प्याला दिल्यावर प्रभू म्हणतो की मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर मेजावर आहे. पहाट होण्यापूर्वी प्रभूला तीनदा नाकारणारा शिष्य पेत्रही तेथेच होता. योग्यतेची परीक्षा घेऊन प्याला दिला असता, तर त्या माडीवर प्रभू एकटाच जेवला असता.

मग आपल्या रागाचे काय? येथे मी आपल्याला सुटका देणार नाही. करिंथकरांच्या दोषाची सर्वांत जवळची खूण आपल्या पत्रात जर कोठे असेल, तर ती याच ठिकाणी आहे, कारण जावेबरोबर एका ताटातील भाकर घेणे आणि तिच्याकडे पाठ फिरवून बसणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. प्रभूने यासाठी सोपी आणि अवघड अशी दोन्ही असलेली वाट सांगितली आहे : वेदीपाशी दान आणलेले असताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर दान तेथेच ठेवावे, आधी जाऊन समेट करावा आणि मग येऊन दान अर्पावे. त्यातील शेवटचे शब्द पाहा, ‘मग येऊन’. पुढच्या पहिल्या रविवारच्या आधी आपण जावेच्या घरी जा. धुऱ्याचा निकाल त्या भेटीत लागावा अशी अपेक्षा ठेवू नका. तो पुरुषांनी बसून, किंवा भूमी अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घेऊन लावावा, आणि मोजणी मागणे हे पाप नव्हे. आपण एवढेच बोलावे, की धुऱ्याचे काय व्हायचे ते होवो, पण माझ्या मनात तुमच्याविषयी राग आहे, तो मी सोडते आणि तुम्हीही मला क्षमा करा. तिने दार लावून घेतले तर? शक्य असेल तर, आपल्याकडून होईल तितके, सर्वांबरोबर शांतीने राहा, असे पौल रोमकरांस लिहितो. आपल्याकडून होईल तितके झाले की तिच्या उत्तराची वाट पाहत मेजापासून दूर राहण्याचे कारण उरत नाही. घेताना राग पुन्हा वर आला, तर तो तेथेच मनातल्या मनात प्रभूला सांगावा आणि भाकर घ्यावी.

एक गोष्ट मंडळीच्या वडीलजनांसाठी लिहितो, कारण हे सदर तेही वाचतात. रागाने तळमळणाऱ्या एका बाईच्या मनात भय घालणारे वक्ते पुष्कळ भेटतात. परंतु ज्या मंडळीत आजही पूर्वीची जात पाहून बाके धरली जातात, किंवा अमक्याच्या नंतर प्याला नको म्हणून जागा बदलल्या जातात, तेथे हे अकरावे प्रकरण वाचून दाखवण्याचे धैर्य फार थोडे करतात. दक्षिणेतील मंडळ्यांमध्ये उच्चवर्णीय ख्रिस्ती इतरांबरोबर प्रभुभोजन घेण्यास नाकारत होते, तेव्हा १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी जातिभेद तत्काळ आणि कायमचा सोडला पाहिजे असे फर्मावले. त्यावरून पुष्कळ कुटुंबे मंडळी सोडून गेली. एकोणतिसाव्या वचनात पौल म्हणतो ते प्रभूचे शरीर न ओळखणे म्हणजे काय, याचे त्याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. आणि एखाद्या सभासदाला उघड व न सोडलेल्या पापामुळे काही काळ मेजापासून थांबवायचे असेल, तर ते पाळकाने व वडिलांनी समोर बसवून, कारण सांगून आणि त्याला परत आणण्याच्या हेतूने करावयाचे असते. ते काम आजारावर किंवा अफवेवर सोपवता येत नाही.

पाळीविषयी थोडक्यात सांगतो. घेण्यास कोणतीही हरकत नाही. विटाळाची कल्पना आपण जुन्या घरातून आणलेली आहे. बारा वर्षे रक्तस्राव असलेल्या स्त्रीने गर्दीत प्रभूच्या वस्त्राला हात लावला, तेव्हा त्याने तिला मुली म्हणून हाक मारली आणि शांतीने जा असे सांगितले. पोप ग्रेगरी पहिले यांच्या नावाने सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारापासून चालत आलेल्या उत्तरांमध्येही, अशा दिवसांत स्त्रीला प्रभुभोजनापासून अडवू नये असे म्हटले आहे. चौदाशे वर्षांपूर्वी निकालात निघालेला प्रश्न आपल्या स्वयंपाकघरातून पुन्हा चर्चमध्ये शिरतो, याचे नवल वाटते.

आपल्या शेजारी रोमन कॅथलिक भगिनी असतील तर त्यांनी हे उत्तर जसेच्या तसे लागू करू नये. त्यांच्या मंडळीत गंभीर पापाची जाणीव असेल तर पवित्र कम्युनियनपूर्वी पापनिवेदन करण्याचा नियम आहे, आणि त्यांनी आपल्या फादरांशी बोलावे. मात्र घरातील आजार हा कम्युनियनचा परिणाम आहे अशी शिकवण त्यांच्याकडेही नाही.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. जावेशी बोलून आणि हे सर्व समजूनही ताट समोर येताच छातीत धडधडत असेल, रात्री झोप लागत नसेल, लेकराला साधा ताप आला तरी आपण काही अयोग्य केले असावे असा विचार वारंवार येत असेल आणि जात नसेल, तर त्याला विश्वासाची कमतरता म्हणू नका. देवभीरू माणसांना होणारा हा मनाचा एक ओळखीचा आजार आहे आणि त्यावर उपचार होतात. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जावे, किंवा सरकारच्या टेली मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. त्या सेवेचे शुल्क लागत नाही आणि मराठीत बोलता येते. दरम्यान आपल्या पाळकांना आधी भेटून सांगून ठेवा, म्हणजे त्या रविवारी ते ताट स्वतः आपल्यापर्यंत आणतील आणि घेईपर्यंत थांबतील.