अहवाल ‘मर्यादेत’, तरी पाण्याला वास

प्रश्न : घरापासून दोनेकशे मीटरवरचा जुन्या टायरांचा ढीग पेटला आणि चार दिवस धुमसत राहिला. आग विझवताना मारलेलं पाणी काळं होऊन उताराने आमच्या विहिरीकडे आलं. पंधरा दिवसांनी विहिरीचं पाणी तपासलं, अहवालात सगळं मर्यादेत आहे. पण घरातले म्हणतात, पाण्याला डांबरासारखा वास येतो. हे मनाचे खेळ आहेत का? आणि परसातल्या पालेभाजीचं काय करावं?

उत्तर : नाकावर विश्वास ठेवा. अहवालाची प्रत जोडलीत हे फार बरं केलंत. त्यात सामू, टीडीएस (विरघळलेले क्षार), कठीणपणा, नायट्रेट आणि कोलिफॉर्म जिवाणू आहेत. पिण्याच्या पाण्याची ही नेहमीची तपासणी. जळालेल्या टायरमधून जे येतं, ते या यादीत शोधलेलंच नाही. प्रयोगशाळेचा यात दोष नाही, तिला कोणी ते विचारलंच नव्हतं.

ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही. तिथलं रबर नीट जळत नाही, उष्णतेने त्याचं तेल होतं, एका टायरमागे काही लिटर. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या विंचेस्टरजवळ 1983 साली लाखो टायरांचा ढीग पेटला, तो महिनोन्‌महिने धुमसत होता आणि तेल गोळा करून न्यावं लागलं होतं. या तेलात बेंझीन, टोल्युइन, फिनॉल आणि पीएएच नावाची कर्बी संयुगं असतात. राखेत जस्त उरतं, कारण रबर पक्कं करताना झिंक ऑक्साइड घालतात. तेव्हा प्रयोगशाळेला नावं घेऊन सांगा : बेंझीन-टोल्युइन गट, पीएएच, फिनॉल, जस्त आणि शिसं. डायॉक्सिनची (क्लोरीन असलेलं काही जळताना तयार होणाऱ्या विषारी संयुगांची) भीती सगळ्यांनाच वाटते, पण ती तपासणी फार महाग असते. टायरमध्ये क्लोरीन कमी असतं, तिथून सुरुवात करू नका.

नमुना घरच्या बाटलीत नेऊ नका. पीएएच प्लॅस्टिकला चिकटतात, त्यांना तपकिरी काचेची बाटली लागते. बेंझीनची लहान कुपी काठोकाठ भरायची, आत बुडबुडा राहता कामा नये. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी अर्धी भरलेली कुपी घेतली आणि ‘बेंझीन नाही’ असं लिहून मोकळी झाले. बेंझीन होतं, ते वरच्या हवेत जाऊन बसलं होतं. साहेबांनी पुन्हा नमुना आणायला लावला, तेव्हा ते सापडलं. (आणखी एक : कुपीवर मार्करने नाव लिहू नका, त्याच्या शाईतले द्रावकही नमुन्यात उतरू शकतात.) बाटल्या प्रयोगशाळेकडूनच घ्या, नमुने बर्फात ठेवा आणि लगेच पोचवा.

तवंग असेल तर एक नमुना वरचा, एक खालचा. ढिगाच्या चढाकडची एखादी विहीरही तपासा. पीएएच वाहनांच्या आणि चुलीच्या धुरातही असतात, तुलना नसेल तर आकड्याचा अर्थ लागत नाही. मातीचंही तेच : काजळी पडली तिथली वरची दोन-तीन सेंटीमीटर माती, काळं पाणी वाहिलं तिथली जरा खोलवरची, आणि वाऱ्याच्या उलट बाजूची एक.

उभी पालेभाजी काढून टाका, काजळी पानांना घट्ट चिकटते. तिचं खत करू नका.

निकाल येईपर्यंत हे पाणी पिऊ नका, स्वयंपाकालाही नको. उकळून काम होणार नाही : बेंझीन उडून तुमच्याच स्वयंपाकघरात येईल, जस्त भांड्यातच राहील.

नव्या अहवालात ‘आढळले नाही’ असं असेल, तर किती सूक्ष्म मोजलं ते विचारा. पीएएचमधल्या बेंझोपायरीनसाठी जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शक मूल्य लिटरमागे 0.7 मायक्रोग्रॅम आहे. यंत्राची पकडच 1 मायक्रोग्रॅमपासून सुरू होत असेल, तर तो कागद तुमच्या कामाचा नाही. आणि राख उचललेली नसेल, तर पहिल्या मोठ्या पावसानंतर हे सगळं पुन्हा करावं लागेल.