साक्षीची वेळ

बाळा,
ख्रिस्तात सलाम.

तुझी आई परवा खडेबाजारात भेटली. तीन रविवार तुझी जागा रिकामी आहे, त्याचं कारण तिच्याकडून कळलं. पीडीओच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्याच्या, परीक्षेत कन्नडचा पेपर आडवा आला आणि आता उपासनेत साक्षीच्या वेळी, लोक उठून प्रभूनं काय केलं ते सांगतात तेव्हा, खाली मान घालून बसायला नको, म्हणून तू घरीच.

आपल्या मंडळीत साक्षीचं काय होऊन बसलंय बघ. नोकरी लागली, घराचा स्लॅब पडला, पोरगी दुबईला गेली की माणूस उठून 'प्रभूनं केलं' म्हणतो आणि नंतर दारात कुंदा वाटतो. वाटावा, मीही खातो. पण ऐकून ऐकून पोरांच्या डोक्यात पक्कं बसतं, की ज्याला मिळालं त्याचा विश्वास खरा.

मीही असाच उठलो होतो, बँकेत लागलो तेव्हा. उपास केले, प्रार्थना केली, प्रभूनं ऐकलं, असं ठणकावून सांगितलं. माझ्या शेजारी माझा मित्र बसला होता. तेवढेच उपास त्यानंही केले होते. त्याची निवड झाली नव्हती. तो टाळ्या वाजवत होता. त्या दिवशी मी प्रभूची नव्हे, माझ्याच निकालाची साक्ष दिली, हे कळायला मला फार वर्षं लागली.

बायबलमधलं मत्तय २० काढ. द्राक्षमळ्याचा धनी सकाळपासून मजूर लावतो, शेवटचे लावतो ते संध्याकाळी पाचच्या सुमाराला, आणि सगळ्यांच्या हातावर एकेक दिनार ठेवतो. तुझ्या निपाणीच्या आजीला हा दाखला कधीच पटला नाही. जन्मभर तंबाखूच्या वखारीत राबलेली बाई. दिवसभर उन्हात राबलेल्यांनी कुरकुर केली त्यात त्यांचं काय चुकलं, असं ती मला विचारायची. प्रश्न रास्त आहे. पण त्या पाचवाल्यांना धनी विचारतो, दिवसभर इथे रिकामे का? आणि ते सांगतात, आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही. तीन रविवार तू त्यांच्यातच उभा आहेस.

मग अभ्यास कशाला, असं मात्र म्हणू नकोस. पौल आणि याकोब दोघंही अब्राहामाचंच उदाहरण देतात. पौल रोमकरांस पत्रात उत्पत्ती १५ धरतो: पदरी मूल नाही, हाती काही नाही, तरी त्यानं देवाचं खरं मानलं. याकोब उत्पत्ती २२ धरतो: इसहाकाला वेदीपर्यंत नेलं. आधी १५, मग २२; आधी विश्वास, मग कृती. क्रम उलटा केलास की देवाशी मजुरीचा हिशोब सुरू होतो. माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो विश्वासानं की कर्मानं, याच मुद्द्यावर कॅथलिक आणि लुथरन जवळजवळ पाचशे वर्षं भांडले. १९९९ मध्ये दोघांनी त्यावर एकमताच्या एका निवेदनावर सह्या केल्या, २००६ मध्ये आपले मेथडिस्टही त्यात आले. खानापूरचा तुझा तो कॅथलिक दोस्त वाद घालायला लागला तर त्याला एवढं सांग.

कन्नड मात्र शीक. सीमाप्रश्नाचं जे व्हायचं ते होवो, पेपर काही त्याची वाट बघत थांबणार नाही. रविवारी येताना पुस्तक घेऊन ये, उपासनेनंतर पायरीवर बसू. ओत्तक्षरं, म्हणजे कन्नडची जोडाक्षरं, मलाही अजून अडतात.

तुझा,
काका