तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : घरी बोलका, इंटरव्ह्यूत गप्प

प्रश्न : माझा मुलगा १८ वर्षांचा आहे, यंदा आयटीआय फिटर पास झाला. चाकणला दोन कंपन्यांत इंटरव्ह्यू दिले, दोन्हीकडे नाही झालं. घरी शेतातला पंप खोलून स्वतः दुरुस्त करतो पण साहेबांसमोर बसला की मान खाली. यूट्यूबवरचं इंग्रजी उत्तर पाठ करून गेला होता ते मधेच विसरला आणि मग काहीच बोलला नाही. पुढच्या वेळी मी सोबत आत जाऊ का? – एक आई, संगमनेर

उत्तर : ताई, आत अजिबात जाऊ नका. गेटपर्यंत जा, डबा द्या, पण आत त्याचा तोच बसू दे. कंपनीतून फोन आला तरी त्यालाच उचलू द्या, आई बोलतेय म्हटलं की समोरच्याला वाटतं हा मुलगा शिफ्टला तरी एकटा येईल का.

आता खरं दुखणं. ते पाठ केलेलं इंग्रजी आधी बाजूला ठेवा. फिटरच्या इंटरव्ह्यूत सुपरवायझरला जे हवं असतं ते तुमच्या मुलाला येतंय. व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, किती, तर ०.०२ मिमी, साध्या मायक्रोमीटरचा ०.०१, एम १० चा टॅप मारायचा, म्हणजे १० मिमीच्या बोल्टसाठी भोकात आटे पाडायचे, तर आधी ड्रिल ८.५ मिमीचं, असलेच प्रश्न असतात आणि दोन वर्षं वर्कशॉपमध्ये हात काळे केलेल्या पोराला हे झोपेत विचारलं तरी सांगता येतं. अडतं कुठे, तर 'स्वतःबद्दल सांगा' इथे. मग त्याने वर्कशॉपमध्ये आपल्या हाताने बनवलेला एक जॉब सांगावा, मराठीत सांगितला तरी चालतं, चाकणला समोरचा मराठी नसेल तर मोडक्या हिंदीत. उदाहरणार्थ मेल-फिमेल फिटिंग, म्हणजे एका तुकड्याचा पुढे आलेला भाग दुसऱ्याच्या खाचेत नीट बसवायचा : आधी एक साइड फाइल केली, ट्राय स्क्वेअर म्हणजे गुण्या लावून उजेडाकडे धरून बघितली, फटीतून उजेड दिसला तिथे परत फाइल मारली, मग मार्किंग, पंचिंग, हॅकसॉने कापलं, शेवटी दोन पीस एकमेकांत बसवून बघितले आणि कुठे टाइट झालं ते सांगायचं. हे बोलताना हात आपोआप हलायला लागतात आणि मान वर येते, कारण हे पाठ केलेलं नसतं, केलेलं असतं. आणि तो पंप! तो सांगायलाच हवा. ग्लँडमधून, म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्याभोवती पाणी अडवायला दोरी भरतात तिथून, पाणी गळत होतं, ती दोरी बदलली, नट किती आवळला, जास्त आवळला असता तर काय झालं असतं, एवढं जो पोरगा सांगतो त्याला घ्यावंसं वाटतंच की.

प्रॅक्टिस मात्र तुमच्यासमोर नको, आईसमोर कोणी लाजत नाही. गावातलं एमआयडीसीत कामाला जाणारं कोणी असेल किंवा आयटीआयचे सर, त्यांच्यासमोर खुर्चीत बसवा, मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि त्यालाच बघू द्या. एखादा प्रश्न आला नाही तर 'सर, हे मला येत नाही, दाखवलं तर शिकेन' हे वाक्य मोठ्याने म्हणायची सवय करा, गप्प बसण्यापेक्षा ते शंभरपट बरं. नाइट शिफ्ट चालेल का, राहणार कुठे, हेही विचारतातच, त्यामुळे रूमचं घरी आधी ठरवून ठेवा.

कागदं ओरिजिनल आणि झेरॉक्स वेगवेगळी ठेवा. आधारवरचं नाव आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव जुळतंय का ते आजच बघा, यात पोरं फार अडकतात.

शेवटी त्यानेही एक प्रश्न विचारावा, की घेताय ते अप्रेंटिस म्हणून, कंपनीचा ट्रेनी म्हणून की कॉन्ट्रॅक्टरकडून. १९६१च्या अप्रेंटिस कायद्याखाली असेल तर रजिस्टर झालेला करार होतो, पगाराऐवजी स्टायपेंड मिळतो, पीएफ कापत नाहीत आणि ट्रेनिंगनंतरची परीक्षा पास झाल्यावर राष्ट्रीय अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट मिळतं, ते पुढे खूप कामाला येतं. फक्त आकडा ऐकून हो म्हणू नये.

आणि ताई, दोन इंटरव्ह्यू गेले म्हणजे काही बिघडलं नाही. घरात शेजारच्या पोराचं उदाहरण तेवढं काढू नका.

प्रश्न : मी १९ वर्षांची. गोव्यातल्या हॉटेलच्या रिसेप्शनसाठी फोनवर इंटरव्ह्यू झाला, लगेच सिलेक्ट झाले म्हणाले, आता युनिफॉर्म आणि रजिस्ट्रेशनचे अडीच हजार आधी पाठवायला सांगतायत. पाठवू का? – कुडाळ

उत्तर : नको गं, एक रुपयाही नको. नोकरी देणारा पैसे देतो, मागत नाही. हॉटेलचा नंबर तू स्वतः शोध, थेट रिसेप्शनला फोन लाव आणि अशी भरती चालू आहे का विचार. कुडाळहून गोवा जवळच आहे, घरच्या कोणाला घेऊन जाऊन बघून आलीस तरी चालेल. पैसे आधीच गेले असतील तर लाजू नकोस, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन कर, जितक्या लवकर करशील तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त. तुला पाठवलेले मेसेज आणि नंबर डिलीट करू नकोस.