शामन आत्म्याला विचारतो, बाकीचे बसून राहतात

प्रश्न: मी गेम मास्टर आहे, म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग गेममध्ये गोष्ट चालवणारा. आमच्या पार्टीतला शामन, म्हणजे आत्म्यांशी बोलू शकणारं पात्र, कुठलंही रहस्य समोर आलं की आत्म्याला बोलावतो, थेट उत्तर विचारतो आणि गोष्ट तिथेच संपते. त्यात अर्धा तास जातो, बाकीचे चौघे ताटकळतात. शामनची ताकद कमी करू का?

उत्तर: कृपा करून तसं करू नका. आत्म्यांशी बोलायला मिळावं म्हणूनच त्याने शामन निवडलाय. दुखणं आहे ते आत्म्यांत. त्यांना सगळंच माहीत असतं आणि बदल्यात काहीच नको असतं.

माझ्याही हातून हे झालंय. विहिरीपाशी खून झाला होता. शामनने विहिरीच्या आत्म्याला विचारलं, ‘कोणी मारलं?’ मी नाव सांगून मोकळा झालो. तीन सेशनची तयारी पाण्यात गेली. त्यानंतरच्या मोहिमेत पुन्हा एक विहीर आली, तेव्हा मी आधी विचार केला, विहिरीला दिसतं काय? वाकून डोकावणारे चेहरे, तेही खालून. आत्मा म्हणाला, “त्या रात्री पोहरा दोनदा आला. दुसऱ्यांदा जड होता, आणि वर गेलाच नाही.” टेबल गप्प. मग आमची चोर म्हणाली, “दोर धरा, मी उतरते.” पुढचा तासभर पाचही जण कामाला लागले होते.

प्रत्येक आत्म्याचं एक कार्ड करा: त्याला काय हवंय, कशाची चीड आहे, काय आठवतं. बोलावणं झालं की ते कार्ड रिकाम्या बसलेल्या खेळाडूच्या हातात द्या आणि आत्मा त्यालाच खेळू द्या. ताटकळणं तिथेच थांबतं.

नियमांसाठी जुने खेळ जरूर बघा. १९८९च्या शॅडोरनमध्ये बोलावलेला आत्मा मोजकीच कामं करतो, आणि बोलावण्याचा शीण शामनला सोसावा लागतो. १९७८च्या रूनक्वेस्टमध्ये आत्म्याशी झुंज म्हणजे पॉवरविरुद्ध पॉवर (पात्राच्या आत्मबळाचा आकडा). बरोबरी असेल तर यशाची शक्यता ५० टक्के, पुढे दर गुणाच्या फरकाला ५ टक्के कमी-जास्त. हिशोब तोंडी होतो, पुस्तक उघडावं लागत नाही.

पण खरा जीव आहे तो सौद्यात. आमच्या नदीच्या आत्म्याने वाट दिली ती एका अटीवर: दर वेळी पार होताना माझं नाव मोठ्याने घ्यायचं. शामनने लगेच हो म्हटलं, सोपंच वाटलं ते. चार सेशननंतर मागे शिकारी लागलेले, अंधार, आणि समोर तीच नदी. आवाज केला तर पकडले जाणार, नाही केला तर वचन मोडणार. शामन फासे हातात घेऊन नुसता बसून राहिला. कितीतरी वेळ कोणी बोलेना. शेवटी आमच्या योद्ध्याने, ज्याला आत्म्यांशी कधीच काही देणंघेणं नव्हतं, ढाल पुढे घेतली आणि नदीचं नाव घेऊन ओरडला.