वाचकांचे प्रश्न : कुत्र्याचा विमानप्रवास

प्रश्न : आमची पुण्याहून दिल्लीला बदली झाली आहे. आमचा लॅब्रॅडॉर सहा वर्षांचा असून त्याचं वजन ३१ किलो आहे. तो आमच्याच विमानातून येईल का? पिंजरा केवढा घ्यावा? (वाचक, पुणे)

उत्तर : घोडं पेंड खातं ते वजनापाशी. चेक-इन सामानाबरोबर जाणाऱ्या कुत्र्याला साधारण ३२ किलोंची मर्यादा असते, आणि ती पिंजऱ्यासकट. एका नगाचं हे कमाल वजन सामान उचलणाऱ्या कामगारांच्या पाठीचा विचार करून ठरलेलं आहे, त्यामुळे काउंटरवर विनवण्या करून त्यात सूट मिळत नाही. लॅब्रॅडॉरला पुरेल असा पिंजरा रिकामाच १० किलोंच्या आसपास भरतो, म्हणजे तुम्ही ४१ किलोंवर जाता. मग एकच वाट उरते : विमान कंपनीच्या कार्गो विभागात वेगळं बुकिंग करायचं आणि कुत्र्याला कार्गो टर्मिनलवर सोडायचं. तो तुमच्याच विमानात चढेल याची हमी नसते. म्हणून दिल्लीत त्याला ताब्यात घ्यायला कोण जाणार, हे तिकीट काढण्याआधी ठरवा.

आधी कंपनी ठरवा, मग तारीख. इंडिगो मदतनीस श्वान वगळता पाळीव प्राणी घेत नाही. एअर इंडिया घेते, आणि अकासानेही १ नोव्हेंबर २०२२ पासून ही सोय सुरू केली.

पिंजऱ्यासाठी कुत्र्याला सरळ उभं करून चार मापं घ्या : नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी, जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतची उंची, खांद्यांची रुंदी आणि जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची (कान उभे असतील तर कानाच्या टोकापर्यंत). पिंजऱ्याची लांबी म्हणजे पहिलं माप अधिक कोपराच्या उंचीचा निम्मा भाग, रुंदी खांद्यांच्या दुप्पट, आणि उंची डोक्याएवढी अधिक अंथरुणाची जाडी. समजा लांबी ९० सेंमी, कोपर ३२, खांदे २५, डोकं ७२ आणि अंथरूण ३ सेंमी जाड आहे. तर पिंजरा आतून निदान १०६ सेंमी लांब, ५० रुंद आणि ७५ उंच हवा. आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांमधलं हे सूत्र आहे. दुकानदार बाहेरची मापं सांगतो, टेप आतून लावा.

वरचा आणि खालचा भाग प्लास्टिकच्या खटक्यांऐवजी धातूच्या नट-बोल्टने जोडा, चाकं असतील तर काढून टाका, आणि पाण्याचं भांडं दाराच्या जाळीला आतून पक्कं बसवा. त्यात आदल्या रात्री पाणी गोठवून ठेवलं की चढवताना सांडत नाही, पुढे हळूहळू वितळतं. खरं काम मात्र महिनाभर आधी सुरू होतं. पिंजरा दिवाणखान्यात उघडा ठेवा, जेवण आतच द्या, मग दार पाच मिनिटं लावा, मग अर्धा तास, मग दोन तास. ही सवय नसलेले कुत्रे घाबरून दाराची जाळी चावतात. दात तुटतात, नखं उखडतात.

ज्या कप्प्यात प्राणी ठेवतात तिथे हवेचा दाब प्रवाशांच्या केबिनइतकाच असतो. हवा खेळती ठेवण्याची आणि तापमान राखण्याची सोय मात्र प्रत्येक विमानात नसते. म्हणूनच आयत्या वेळी विमान बदललं तर कुत्रा नाकारला जातो. तिकीट थेट विमानाचंच घ्या.

प्रश्न : आठ किलोंचा पग मे महिन्यात नागपूरहून मुंबईला न्यायचा आहे. (वाचक, नागपूर)

उत्तर : न्यायचाच तर केबिनमधून. कप्प्यातून मुळीच नको. कुत्रा अंग थंड करतो ते धापा टाकून. पग, बुलडॉग, शित्झू यांची श्वासाची वाटच अरुंद असते, त्यामुळे धावपट्टीजवळच्या उन्हात ट्रॉलीवर काढलेली पंधरा मिनिटंही जिवावर बेतू शकतात. केबिनची मर्यादा कंपनीगणिक ७ ते १० किलोंच्या घरात असते, तीही बॅगेसकट. मऊ कापडी बॅग दीड किलोची धरली तर तुम्ही साडेनऊवर पोहोचता. घरीच वजनकाट्यावर बॅगेसह तोला आणि पहाटेचं विमान निवडा.

मला तुमच्यासाठी रेल्वे जास्त योग्य वाटते. फर्स्ट एसीचा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आरक्षित केली की कुत्रा तुमच्याजवळ राहतो. त्याचं शुल्क स्टेशनच्या पार्सल कार्यालयात भरून पावती घ्यायची. लॅब्रॅडॉरवाल्यांनीही याचा विचार करावा.

प्रश्न : प्रवासात शांत राहावा म्हणून झोपेची गोळी द्यावी का? (वाचक, नाशिक)

उत्तर : नाही. गुंगीच्या औषधाने रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान सांभाळता येत नाही, आणि पिंजरा कलंडला तर कुत्र्याला स्वतःला सावरता येत नाही. गुंगीत उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. गुंगीत दिसणारा कुत्रा कंपनी घेतही नाही. गाडी लागणाऱ्या कुत्र्याला मळमळीवरचं औषध डॉक्टर देऊ शकतात, ते वेगळं. प्रवासाच्या चार ते सहा तास आधी हलकं खाणं द्या, पाणी तोडू नका.

प्रश्न : कागदपत्रं कोणती लागतात? (वाचक, पणजी)

उत्तर : रेबीज लसीकरणाची नोंद आणि प्रवासाला योग्य असल्याचं आरोग्य प्रमाणपत्र. लसीच्या पुस्तिकेत कुपीवरचं बॅच क्रमांकाचं स्टिकर, तारीख आणि सही असावी, तर प्रमाणपत्रावर पशुवैद्यकाचा नोंदणी क्रमांक असलेला शिक्का. कुत्र्याची जात पुस्तिकेत 'इंडी' (देशी) आणि प्रमाणपत्रावर 'मिक्स' (संकरित) अशी लिहिली असेल तर काउंटरवर वाद होतो. नाव, वय, रंग सगळीकडे सारखं लिहून घ्या. प्रमाणपत्र किती दिवसांच्या आतलं हवं हे कंपनीकडून लेखी विचारा. पिल्लाची पहिलीच रेबीज लस असेल तर ती तीन महिन्यांच्या वयात देतात आणि प्रतिकारशक्ती तयार व्हायला साधारण तीन आठवडे लागतात, तेव्हा आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही.

सुरक्षा तपासणीत रिकामी बॅग एक्स-रे यंत्रातून जाते आणि कुत्र्याला तुम्ही हातात धरून नेता. त्या क्षणी गर्दीत कुत्रे निसटतात. बॅगेतून काढण्याआधीच अंगावर कापडी हार्नेस आणि दोरी असू द्या, आणि दोरीचं टोक मनगटाला गुंडाळून घ्या.